दोन बाजारपेठांमधील राष्ट्र : कॅनडाचे जकात धोरण (१९३०-१९३८)

महासत्तांनी उभारलेल्या जकातीच्या भिंतींची चर्चा आर्थिक इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत विस्ताराने आढळते. त्या भिंतींना लागून राहणाऱ्या मध्यम सामर्थ्याच्या राष्ट्रांचा उल्लेख मात्र ओझरताच येतो. २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर वाढीव आयात शुल्क लादल्यानंतर १९३० च्या घटनांचे स्मरण पुन्हा झाले, परंतु ते बहुधा प्रत्युत्तरादाखल लावलेल्या जकातीपुरतेच राहिले. वस्तुतः त्या दशकात कॅनडाला जे काही साध्य झाले, त्यामागे प्रत्युत्तरापेक्षा दुसऱ्या बाजारपेठेचा आधार अधिक होता.

स्मूट-हॉले विधेयकावर राष्ट्राध्यक्ष हूवर यांची स्वाक्षरी १७ जून १९३० रोजी झाली. तत्पूर्वीच, १ मे रोजी, पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांचे अर्थमंत्री चार्ल्स डनिंग यांनी सोळा अमेरिकी वस्तूंवरील शुल्क वाढविले आणि ब्रिटिश मालाला अधिक सवलती दिल्या. अमेरिकेने अंड्यांवरील शुल्क डझनामागे ८ सेंटवरून १० सेंट केले, तेव्हा कॅनडाने आपले ३ सेंटचे शुल्क थेट १० सेंटवर नेले. कॅनडा अमेरिकेला जितकी अंडी विकत असे, त्याहून कितीतरी अधिक अमेरिका कॅनडाला विकत असे. त्यामुळे या एका वस्तूपुरते नुकसान अमेरिकी उत्पादकांचेच अधिक झाले. पण केवळ अंड्यांवर राष्ट्राचा व्यापार चालत नाही. मतदारांनाही हे प्रत्युत्तर अपुरे वाटले असावे. जुलैमध्ये किंग पराभूत झाले आणि अधिक कठोर जकातीचे आश्वासन देणारे आर. बी. बेनेट सत्तेवर आले.

बेनेट यांनी जकात आणखी वाढविली. तथापि त्यांचे महत्त्वाचे कार्य १९३२ च्या उन्हाळ्यात ओटावा येथे भरलेल्या साम्राज्य परिषदेत घडले. ब्रिटनने त्याच वर्षी मुक्त व्यापाराची जुनी परंपरा सोडून सर्वसाधारण आयात शुल्क लागू केले होते. त्यातून कॅनडाच्या लाकूड, सफरचंद, तांबे इत्यादी मालाला सूट मिळाली. परकीय गव्हावर क्वार्टरमागे २ शिलिंग शुल्क बसले. कॅनडाचा गहू त्यातून मुक्त राहिला. प्रेअरी प्रांतांतील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा लाभ बराचसा कागदोपत्रीच होता. कॅनडाचा गहू ब्रिटनच्या गरजेहून अधिक असल्याने त्याची किंमत जागतिक बाजारच ठरवीत असे, आणि १९३२ च्या डिसेंबरात विनिपेग येथील भाव बुशेलला ४० सेंटच्याही खाली गेला.

याच परिषदेत सर अतुल चटर्जी यांच्या नेतृत्वाखाली भारताचेही शिष्टमंडळ होते. परंतु कॅनडाचा प्रतिनिधी आपल्या संसदेला उत्तरदायी होता, भारताचा नव्हता. हा भेद दृष्टिआड केल्यास ओटावा कराराची भारतातील आणि कॅनडातील चर्चा एकाच मापाने मोजली जाण्याचा धोका संभवतो.

ओटावा व्यवस्थेचे खरे मोल वॉशिंग्टनमध्ये दिसून आले. परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल त्या व्यवस्थेचे कठोर टीकाकार होते, कारण अमेरिकी निर्यातदार साम्राज्याच्या बाजारपेठेत मागे पडत होते. १९३४ च्या कायद्याने अमेरिकी अध्यक्षांना करारांद्वारे शुल्क निम्म्यापर्यंत कमी करण्याचा अधिकार मिळाला. वाटाघाटी बेनेट यांनीच सुरू केल्या. श्रेय मात्र ऑक्टोबर १९३५ च्या निवडणुकीत परतलेल्या किंग यांच्या पदरी पडले. १५ नोव्हेंबर १९३५ च्या करारान्वये कॅनडाच्या गुरे, लाकूड, मलई, व्हिस्की आदी मालावरील अमेरिकी शुल्क घटले. गुरे आणि मलई यांच्याबाबतीत प्रमाणाची मर्यादाही घातली गेली, यावरून अमेरिकेची सावधगिरी लक्षात येते.

१७ नोव्हेंबर १९३८ रोजी अमेरिकेने ब्रिटन व कॅनडा यांच्याशी एकाच दिवशी करार केले. त्यात ब्रिटनने परकीय गव्हावरील २ शिलिंगांचे शुल्क काढून टाकले. सहा वर्षांपूर्वी ओटावा येथे आग्रहाने मिळविलेली ही सवलत सोडण्यास कॅनडाने संमती दिली, आणि त्या बदल्यात अमेरिकी बाजारपेठेत आणखी शुल्ककपात पदरात पाडून घेतली.