प्रस्तावना : सायकल कुठे संपते?

‘लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्सही नको.’ इलेक्ट्रिक सायकल पाहायला गेलेल्या गिऱ्हाइकाच्या कानावर दुकानात पहिल्यांदा पडते ते हे वाक्य. ते खरे असू शकते, तसेच साफ चुकीचेही. केव्हा खरे आणि केव्हा चूक, याचा शोध घेणे हेच या अभ्यासविषयाचे काम. विषय चिमुकला वाटतो. पण त्यात शिरले की यंत्रशास्त्र, फौजदारी कायदा आणि नुकसानभरपाई अशा तीन वाटा एकाच चौकात मिळतात.

कोडे तसे जुनेच. इंग्लंडचा हायवे अ‍ॅक्ट 1835 सालचा. पुढे सायकली आल्या आणि 1879 मध्ये भरधाव सायकल हाकणाऱ्या एकाचा खटला न्यायालयात उभा राहिला. कायद्यात सायकलचे नावही नव्हते. न्यायाधीशांनी तिला ‘गाडी’ ठरवले. नवे वाहन रस्त्यावर आले की कायदा आधी त्याची जात विचारतो, नियम मागाहून लावतो.

भारतात ही जात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या ‘बॅटरीवर चालणारे वाहन’ या व्याख्येने ठरते. मोटरची तीस मिनिटांची शक्ती 0.25 किलोवॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळता वजन 60 किलोपर्यंत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असेल, तर ते मोटार वाहन मानले जात नाही. पायडलला साथ देणाऱ्या सायकलीची मोटर ताशी 25 किलोमीटरपर्यंत येताना क्षीण होत बंद पडली पाहिजे. पाय थांबले, तर त्याआधीच.

यातला ‘तीस मिनिटे’ हा शब्द वाचकाने नीट पारखावा. चढावर मोटर क्षणभर किती जोर लावते, हे तो मोजत नाही. अर्धा तास न थकता किती पेलते, हे मोजतो. ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नियम मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेची पडताळणी मागतो. पुण्याची एआरएआय ही त्यांपैकी एक. आणि म्हणूनच वेगाची मर्यादा ‘खोलून’ घेतलेली सायकल दिसायला तीच राहिली, तरी कायद्याच्या नजरेत दुसरीच होते. मग परवाना, नोंदणी, विमा, सगळेच लागते. ती अल्पवयीन मुलाच्या हाती दिली, तर मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199-अ पालकापर्यंत पोहोचते : तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड.

सवलत मिळाली म्हणजे रस्ता आंदण मिळाला, असे मात्र नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली गुन्हा आहे, आणि त्यासाठी वाहन मोटारीचेच असावे लागत नाही. खरा पेच आहे तो भरपाईचा. मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दार मोटार वाहनाने झालेल्या अपघातासाठी उघडते. सवलतीतल्या सायकलीने पादचाऱ्याला धडक दिली, तर त्याच्यामागे ना सक्तीचा विमा, ना ते न्यायाधिकरण. उरतो दिवाणी दावा. बेल्जियममध्ये याची दुसरी बाजू दिसली. तिथे मोटारीच्या धडकेनंतर दगावलेला इलेक्ट्रिक सायकलस्वार भरपाईसाठी ‘दुर्बळ रस्तावापरकर्ता’ ठरतो का, असा वाद होता. केवळ यांत्रिक शक्तीवर न चालणारी अशी सायकल युरोपीय संघाच्या मोटार विमा निर्देशातले ‘वाहन’ नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. एकच व्याख्या एकाचा आधार काढते आणि दुसऱ्याला देते.

हे आकडे कुठल्या निसर्गनियमाने आलेले नाहीत. युरोपात 250 वॅट आणि 25 किलोमीटर. अमेरिकेच्या 2002 च्या संघीय व्याख्येत 750 वॅटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी 20 मैल. जपानमध्ये 24 किलोमीटरला मोटरची साथ सुटते. आपल्या रस्त्यावर कोणाला किती धोका पत्करायला लावायचा, याचा प्रत्येक देशाने केलेला हा हिशेब आहे. अभ्यासकाने आकडा पाठ करण्यापेक्षा तो हिशेब तपासावा.

कायद्याचे विद्यार्थी, वाहतूक पोलिस, विक्रेते आणि मुलांना सायकल घेऊन देणारे आईबाप, सगळ्यांना या विषयाचे दार उघडे आहे. आत येताना एवढेच करावे : दुकानदाराचे वाक्य बाजूला ठेवावे आणि त्या मॉडेलचा चाचणी-दाखला मागून वाचावा.