रेंज फुल्ल, तरी नेट का अडतं? टॉवरवरच्या नेटचा हिशेब

महाड-पोलादपूर : ओटीपी येतो, टाकलाही जातो, पण पीएम किसानची केवायसी पुढे सरकत नाही. नुसतं चक्र फिरत राहतं. मोबाईलवर रेंजच्या काड्या मात्र पूर्ण! सावित्री आणि काळ नदीच्या खोऱ्यातल्या वाड्यांवर ही तक्रार नेहमीची.

काड्या फक्त सिग्नल दाखवतात, वेग नाही. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि त्या वेळी नेट वापरणाऱ्या सगळ्यांत ती वाटली जाते. नळपाणी योजनेसारखंच आहे हे. वरच्या आळीत सगळे नळ उघडले की खालच्या आळीला बारीक धार. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी आले की टॉवर तोच, मोबाईल मात्र कितीतरी वाढलेले.

मग एवढं नेट खातं कोण? तर व्हिडिओ. सॅन्डव्हाइन कंपनीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगातल्या एकूण इंटरनेट वापरापैकी सुमारे ६५ टक्के वाटा एकट्या व्हिडिओचा होता. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या हिशेबाने साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला १ जीबीपर्यंत आणि एचडी ३ जीबीपर्यंत डेटा घेतो. म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक एचडीत अर्ध्या तासात खलास. त्यामानाने व्हॉट्सॲपचा लिखित मेसेज किंवा यूपीआयचं पेमेंट म्हणजे किरकोळ, काही केबींचा मामला.

पण गंमत अशी की गर्दीत आधी अडतं ते हे किरकोळ कामच. व्हिडिओ पुढचा भाग आधीच ओढून ठेवतो, त्यामुळे मधे चार सेकंद नेट तुटलं तरी बघणाऱ्याला कळत नाही. फॉर्मला आणि ओटीपीला मात्र वेळेची मर्यादा. व्हिडिओ कॉलचंही तेच, तिथे पुढचं आधी ओढता येत नाही.

हा भार कमी करता येतो. लॉकडाऊन लागलं तेव्हा, मार्च २०२० मध्ये, देशातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाईल नेटवर एचडी बंद करून ४८० पीवर आणलं होतं. तीच सेटिंग यूट्यूबमध्ये कुणालाही करता येते. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद केलं की ग्रुपवरचे व्हिडिओ आपोआप उतरत नाहीत. प्ले स्टोअरचे अपडेटही फक्त वायफायवर ठेवता येतात.

फॉर्म, केवायसी, सातबारा ही कामं पहाटे उरकलेली बरी. ई-पीक पाहणीचा फोटो मात्र शेतातच काढावा लागतो. तिथे रेंज नसेल तर माहिती ॲपमध्ये साठवून नंतर रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते. ते अपलोड करायचं तेवढं विसरू नये.