उच्च पदवी आणि अरुंद दार

१८४४ सालीं गव्हर्नर-जनरल लॉर्ड हार्डिंज यांनीं एक ठराव प्रसिद्ध केला. सरकारी नोकऱ्या देतांना इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांस प्राधान्य द्यावें, असा त्याचा आशय होता. विद्या व नोकरी यांची गांठ हिंदुस्थानांत सरकारी शिक्क्यानिशीं बांधली गेली ती त्या वेळीं. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं आणि ती गांठ अधिकच घट्ट झाली.

आरंभीं तिचा जाच कोणास झाला नाहीं. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. च्या पहिल्या परीक्षेंत १८६२ सालीं चौघेच उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे. अशा माणसांची न्यायखात्यास, शिक्षणखात्यास व वकिलीस गरजच होती. पदवीधर थोडे आणि जागा पुष्कळ, हा त्या पिढीचा योगायोग होय. पुढील पिढ्यांनीं मात्र त्यासच नियम मानलें.

कचेऱ्यांतील जागा हळूहळू वाढतात; पदवीधरांची संख्या झपाट्यानें वाढते. तेव्हां मॅट्रिक झालेल्यास पूर्वीं मिळणारी जागा बी. ए. झालेल्यास मिळूं लागली, आणि बी. ए. ची जागा एम्. ए. नें घेतली. काम होतें तेंच राहिलें. उंबरठा तेवढा उंचावला. ज्यास नोकरी मिळेना, तो आणखी दोन वर्षें शिकूं लागला. अशा रीतीनें एम्. ए. चा वर्ग अनेकांना नोकरीची वाट पाहण्याची धर्मशाळा झाला. तोंवर घरची शेती हातची सुटलेली असे, बापजाद्यांचा धंदा विसरलेला असे, आणि शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज मात्र शिल्लक असे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीनें हें दुखणें उघड्यावर आणलें. संयुक्त प्रांतांच्या सरकारनें सर तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालीं बेकारीच्या चौकशीसाठीं समिति नेमली. माध्यमिक शाळेपासूनच मुलांस निरनिराळ्या व्यवसायांकडे वळवावें, असा सल्ला तिनें १९३५ सालीं दिला. स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळांत बसलेल्या कोठारी आयोगानेंही व्यवसायशिक्षणाचा आग्रह धरला.

सप्रू समितीचा तो प्रांत म्हणजेच आजचा उत्तर प्रदेश. तेथें बरोबर ऐंशीं वर्षांनीं, २०१५ सालीं, सचिवालयांतील शिपायांच्या ३६८ जागांसाठीं सुमारें २३ लाख अर्ज आले. पांचवी उत्तीर्ण असणें व सायकल चालवितां येणें एवढीच पात्रता होती. अर्जदारांत मात्र हजारों पदव्युत्तर पदवीधर होते, आणि २५५ जण तर पीएच्. डी. होते.

हा आकडा ऐकून हंसणारे पुष्कळ भेटतात. परंतु शिपायाचें काम हलकें नव्हे, आणि तें मागणाऱ्या विद्वानास लाजण्याचें कारण नाहीं. मुलांस दुसरीकडे वळवा, असें सांगणें सोपें असतें. पण त्या दुसरीकडे कारखाना, प्रयोगशाळा, ग्रंथसंग्रह वा दवाखाना उभा नसेल, तर वळलेला मुलगा फिरून त्याच एका दाराशीं येऊन उभा राहतो. महाराष्ट्रांत सेट-नेट उत्तीर्ण झालेले अनेक अध्यापक तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षें शिकवितात. शिकविण्याचें काम आहे, शिकणारी मुलें आहेत, नाहीं ती कायम जागा.

तेव्हां विद्या फार झाली, असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. १८४४ पासून आजतागायत समाजानें विद्येसाठीं वर्ग पुष्कळ उघडले. दारें मात्र फारशीं उघडलीं नाहींत.