तोफेच्या चाकांची साक्ष

तोफ म्हटली कीं लोकांची दृष्टि प्रथम तिच्या नळीकडे जाते. गोळा नळींतून सुटतो, गर्जना नळीच करते; तेव्हां तें स्वाभाविकच आहे. परंतु एखाद्या संग्रहालयांत किंवा युद्धस्मारकापुढें उभी असलेली जुनी ब्रिटिश तोफ नेमकी कोणती, हें ठरविणारे जाणकार नळीइतकेंच लक्ष खालच्या गाड्याकडे व चाकांकडे देतात. ब्रिटिश तोफखान्यांत नळीचा ‘मार्क’ निराळा व गाड्याचा निराळा असे. १८ पौंडी तोफेची चौथ्या मार्कची नळी तिसऱ्या मार्कच्या गाड्यावर बसविलेली असे, आणि त्यांत विसंगत असें कांहींच नव्हतें. म्हणून नळीवरून गाड्याचें, अथवा चाकांवरून साऱ्या तोफेचें वय ठरविणें धोक्याचें आहे.

जुन्या तोफेचें चाक हें बैलगाडीच्या चाकाचेंच भावंड होय. मध्यें तुंबा, त्यांतून निघालेले आरे, आऱ्यांवर लाकडी पुठ्ठे आणि त्या सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. पूर्वीं तुंबाही लाकडाचाच असे. कडक उन्हांत लाकूड आटलें म्हणजे आरे सैल होत, आणि एखादा आरा मोडला तर दुरुस्ती मोठी जिकिरीची होई. या अडचणीवर धातूचा तुंबा हा उपाय निघाला. त्यांत आऱ्यांचीं टोकें धातूच्या दोन तबकड्यांमध्यें बसवून बोल्टांनीं आवळीत. त्यामुळें मोडका आरा काढून नवा घालणें सोपें झालें. हें चाक वूलिचच्या सरकारी कारखान्यानें स्वीकारलें, तरी ब्रिटिश तोफखान्यांत त्याचें नांव ‘मद्रास पद्धतीचें चाक’ असेंच राहिलें. हिंदुस्थानांतील एका शहराचें नांव असें इंग्लंडच्या तोफांखालीं फिरत राहिलें.

चाकांनंतर पाहावयाची ती गाड्याची मागची शेपटी. १८ पौंडी तोफ १९०४ सालीं ब्रिटिश सैन्यांत आली. तिच्या पहिल्या गाड्यांना मागें एकच पोलादी दांडा होता. नळी फार उंचावली कीं तिची मागची बाजू या दांड्याला अडे. म्हणून ती १६ अंशांपलीकडे वर होत नसे, आणि गोळ्याचा पल्लाही तितकाच राही. पहिल्या महायुद्धांत ही उणीव सैनिकांना चांगलीच जाणवली. शेपटीखालीं खड्डा खणून पल्ला वाढविण्याची युक्ति त्यांना करावी लागे. पुढच्या गाड्यांत एका दांड्याच्या जागीं मध्यें पोकळी असलेली पेटीवजा शेपटी आली, आणि त्यानंतरच्या पांचव्या मार्कांत दोन फांकणारे पाय आले. पहिल्या तोफांत धक्का सोसणारी यंत्रणा नळीच्या वर दिसते, तर चौथ्या मार्कांत ती नळीखालीं गेलेली आढळते. एवढ्या दोन खुणांवरून पुष्कळ उलगडा होतो.

मग घोडे गेले व मोटारी आल्या. लाकडी चाकें घोड्यांच्या चालीसाठीं घडविलेलीं. मोटारीच्या वेगांत तीं खिळखिळीं होत. म्हणून दोन महायुद्धांच्या दरम्यान जुन्या गाड्यांना हवेचे रबरी टायर बसविण्यांत आले व गाड्याच्या नांवांत ‘पी’ हें अक्षर वाढलें. अशाच गाड्यांवर १८ पौंडी तोफेची ३.३ इंची नळी ३.४५ इंचांपर्यंत कोरून २५ पौंडी तोफेचा पहिला मार्क तयार झाला. यांतील पुष्कळ तोफा १९४० सालीं फ्रान्सांतून माघार घेतांना मागें टाकाव्या लागल्या. म्हणजे जुनी नळी, जुना गाडा आणि नवीं चाकें, इतकें मिळून एक नवी तोफ झाली. तिला बनावट कोण म्हणेल?

हा केवळ हौशी लोकांचा खेळ आहे असें कोणी समजूं नये. फ्रान्समधील नेरी या गांवीं १ सप्टेंबर १९१४ रोजीं रॉयल हॉर्स आर्टिलरीच्या ‘एल’ बॅटरीची एक १३ पौंडी तोफ बाकीच्या तोफा निकामी झाल्यावरही झुंजत राहिली. त्या लढाईबद्दल बॅटरींतील तिघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती तोफ लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमनें जतन केली आहे. १३ पौंडी व १८ पौंडी या दोन तोफा दिसण्यांत बहिणी शोभतात. नळीचें तोंड मोजलें तर एकीचें ३ इंच व दुसरीचें ३.३ इंच भरतें. पहिली घोडदळाबरोबर धांवणारी, दुसरी पायदळाच्या पाठीशीं राहणारी. पाटीवर एकीचें नांव दुसरीला दिलें, तर एका दलाचे श्रम व मरण दुसऱ्याच्या खातीं जमा होतें.

यासाठीं जुन्या तोफेपुढें उभें राहतांना नजर खालून वर न्यावी. तिला कोणीं ओढलें हें चाकें सांगतात. ती किती दूर मारूं शके हें शेपटी सांगते. आणि गोळा कोणता होता हें नळी सांगते. तिघांची साक्ष जुळली तर उत्तमच. न जुळली तर त्या तोफेनें एकाहून अधिक काळांची सेवा केली असण्याचा संभव आहे, आणि तोही तिच्या इतिहासाचाच भाग होय.