परदेशी मुलांचा ठावठिकाणा

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या घाटमाथ्यापर्यंत पसरलेल्या मुळशी तालुक्यात आज तरुणांचे दोन प्रवाह परस्परविरुद्ध दिशांनी वाहताना दिसतात. हिंजवडीच्या संगणक-उद्योगांतून दरसाल कितीतरी तरुण अभियंते अमेरिका, जर्मनी, जपान अशा दूरदेशी रवाना होतात. त्याच तालुक्यात पौडजवळ खुबवली येथे १९९७ साली सुरू झालेले महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तेथे सोळा ते एकोणीस वर्षांची मुले नाना देशांतून शिकावयास येतात. मुलगा म्युनिकला असो वा मुलगी खुबवलीस असो, मागे राहिलेल्या आईबापांची रात्रीची एक सवय बहुधा सारखीच असते. निजण्यापूर्वी ते मोबाइल उघडतात, नकाशावरचा एक लहानसा ठिपका शोधतात, आणि तो रोजच्या जागी दिसला म्हणजे दिवा मालवितात.

हा ठिपका नव्या युगाचा असला, तरी ज्या काळजीपोटी तो पाहावयाचा ती काळजी महाराष्ट्रात निदान सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे. दूरदेशी गेलेल्या मुलाचा ठावठिकाणा कोणी ठेवावा, कसा ठेवावा आणि तो कोणाच्या हाती असावा, ह्या प्रश्नाने मराठी घरेच नव्हेत, तर ब्रिटिश सरकारही एके काळी अस्वस्थ झाले होते. मुळशीच्या इतिहासाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या सेनापती बापटांचे तरुणपण ह्याच प्रश्नाच्या ऐन गर्दीत गेले. तेव्हा त्या काळाकडे एकवार वळून पाहणे उचित होईल.

सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला आणि विलायतेची वाट जवळ आली. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो की नाही, ह्याचा वाद सभांतून व वर्तमानपत्रांतून चालू असतानाच मराठी घरांतील मुले आगबोटीवर चढू लागली. मुलगा कोठे आहे, कोणाच्या संगतीत आहे, प्रकृतीने कसा आहे, हे कळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे टपाल. मुंबईहून दर आठवड्यास विलायती टपाल निघे आणि तसेच एक येई. विसाव्या शतकाच्या आरंभीही लंडनचे पत्र मुंबईस पोचावयास सुमारे दोन आठवडे लागत. १८७० पासून समुद्राखालून तारायंत्राची सोय झाली होती खरी. पण तारेचा आकार शब्दागणिक पडे. त्यामुळे सामान्य घरात परदेशची तार आली, की ती उघडण्यापूर्वीच घरातल्यांच्या पोटात गोळा येई. खुशालीचे पत्र वाचावयाचे, ते लिहिणारा पंधरा दिवसांपूर्वी सुखरूप होता एवढ्याच समाधानाने.

ह्या अंतराची कल्पना डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या प्रवासावरून उत्तम येते. ७ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. त्या जवळजवळ दोन महिन्यांत पत्नी आज नेमकी कोठे आहे, हे गोपाळराव जोशी ह्यांस कळण्यास काही उपाय नव्हता. परंतु निघण्यापूर्वीच एक महत्त्वाची गोष्ट झालेली होती. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर ह्यांच्याशी पत्रव्यवहाराने घरोबा जुळला होता. ह्या बाईंनी आनंदीबाईंस न्यूयॉर्कला उतरवून घेतले, आपल्या घरी नेले आणि पोटच्या मुलीप्रमाणे वागविले. आनंदीबाई त्यांस ‘मावशी’ म्हणत. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात डीन रेचेल बॉडले ह्यांनी त्यांच्यावर मायेची नजर ठेवली.

ह्याच्या उलट गोपाळरावांची पत्रे. त्यांतून कळकळ होती, पण तिच्याबरोबर संशय आणि बोचरे शब्दही होते. पत्नी तेथे काय नेसते, कशी वागते, ह्यांची चौकशी होती. थंडीने, आजाराने आणि अभ्यासाने शिणलेल्या त्या तरुण मुलीस ह्या शब्दांनी किती क्लेश झाले, हे तिच्या चरित्रावरून दिसून येते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंनी वैद्यकीची पदवी मिळविली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. हजारो कोसांवरून ठेवलेली पाळत त्यांच्या आजारास तसूभरही मागे सारू शकली नाही. जो काही आधार त्या परक्या देशात त्यांस लाभला, तो जवळ असलेल्या माणसांचा.

पुढील वीस वर्षांत विलायतेस जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली. १९०७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये सुमारे ७०० हिंदी विद्यार्थी होते. त्यांतील पुष्कळसे लंडनमध्ये, तर काही एडिंबरो, केंब्रिज, ऑक्सफर्ड अशा ठिकाणी होते. कोवळ्या वयाची ही मुले भाड्याच्या खोल्यांतून एकटी राहत. कोणी कर्जबाजारी होत, कोणी आजारी पडत. आईबापांची चिंता रास्तच होती. पण त्याच वेळी सरकारासही एक चिंता लागली होती, आणि ती मुलांच्या प्रकृतीची नव्हती. पंडित श्यामजी कृष्णवर्मा ह्यांनी १ जुलै १९०५ रोजी लंडनच्या हायगेट भागात, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथे ‘इंडिया हाउस’ उघडले होते. १९०६ साली विनायक दामोदर सावरकर तेथे जाऊन पोचले. आणि ह्या घरात स्वातंत्र्याची भाषा उघड बोलली जाऊ लागली.

१९०७ साली भारतमंत्री मोर्ले ह्यांनी हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर विल्यम ली-वॉर्नर हे मुंबई इलाख्यात दीर्घ काळ नोकरी केलेले अधिकारी होते. सर कर्झन वायली हे तिचे एक सभासद होते. समितीने जे लिहिले ते सरकारने त्या वेळी प्रसिद्धही केले नाही. तो अहवाल लोकांपुढे आला तो १९२२ साली, लिटन समितीच्या अहवालास जोडून. मुलांच्या हिताची म्हणून केलेली चौकशी मुलांपासून आणि त्यांच्या आईबापांपासून पंधरा वर्षे झाकून ठेवावी लागली, ह्यातच तिचे खरे स्वरूप कळते.

कुटुंबाची काळजी आणि सरकारची पाळत एकमेकींत कशा मिसळून गेल्या, ह्याचे अत्यंत दारुण उदाहरण म्हणजे मदनलाल धिंग्रा. अमृतसरच्या एका नामांकित डॉक्टरांचा हा मुलगा लंडनला अभियांत्रिकी शिकत होता. तो इंडिया हाउसच्या मंडळीत मिसळतो हे कळताच घरचे लोक घाबरले. त्याच्या वडील भावाने सर कर्झन वायली ह्यांस पत्र लिहून मदनलालकडे लक्ष देण्याची विनंती केली, आणि वायलींनीही त्याप्रमाणे मदनलालला पत्र पाठविले. भावाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. धाकट्यास संकटातून वाचवावे, एवढीच त्याची इच्छा असणार. परंतु ज्याच्या हाती त्याने भाऊ सोपविला, तो गृहस्थ त्या भावाच्या दृष्टीने सरकारच्या हेरगिरीचा मुख्य आधार होता. १ जुलै १९०९ च्या रात्री लंडनच्या इंपीरियल इन्स्टिट्यूटमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशनचा समारंभ आटोपत असताना मदनलालने वायलींवर गोळ्या झाडल्या. त्यांस वाचविण्यास पुढे झालेले डॉक्टर कावस लालकाका हेही प्राणास मुकले. १७ ऑगस्ट १९०९ रोजी मदनलाल फासावर चढला. घरच्यांनी त्याच्याशी असलेला संबंध जाहीरपणे तोडला होता.

त्याच १९०९ साली सरकारने हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती कार्यालय उघडले, आणि लाहोरास प्राध्यापक राहिलेले टी. डब्ल्यू. अर्नोल्ड ह्यांस शैक्षणिक सल्लागार नेमले. १९१० पासून हे कार्यालय लंडनमध्येच २१ क्रॉमवेल रोड येथे नांदू लागले. क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरील इंडिया हाउस मोडले, आणि शहराच्या दुसऱ्या टोकास क्रॉमवेल रोडवर सरकारी घर उभे राहिले, हा नावांचा योगायोग मोठा मौजेचा आहे. नव्या घरात नुकत्याच उतरलेल्या विद्यार्थ्यास काही दिवस राहावयास मिळे. कॉलेजप्रवेशाची माहिती मिळे. आणि वडिलांची इच्छा असल्यास सल्लागार मुलाचे पालकत्व पत्करीत, त्याचे पैसे सांभाळीत व त्याच्या प्रगतीचे वृत्त घरी कळवीत. कागदावर पाहिले तर ह्याहून चांगली सोय कोणती? अनेक पालकांस तिचा उपयोगही झाला. परंतु विद्यार्थ्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. येथे सांगितलेला शब्द उद्या पोलिसांच्या कानी जाईल, अशी धास्ती त्यांच्या मनात घर करून राहिली, आणि लिटन समितीसही ह्या संशयाची दखल घ्यावी लागली. संशयास आधारही होता. इंडिया हाउसावर गुप्त पोलिसांची नजर होती, आणि वायलींच्या खुनानंतर मुंबई पोलिसांतील जॉन वॉलिंजर ह्या अधिकाऱ्यास हिंदी क्रांतिकारकांवर लक्ष ठेवण्यासाठी खास लंडनला नेण्यात आले. परिणाम असा झाला, की ज्या अडचणीतल्या मुलास सल्ल्याची सर्वांत अधिक गरज, तोच ह्या घराची पायरी चढावयास कचरे.

आता सेनापती बापट. पांडुरंग महादेव बापट ह्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. डेक्कन कॉलेजातील शिक्षणानंतर १९०४ साली मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते यंत्रविद्या शिकावयास एडिंबरोस गेले. पालकांनी अभिमानाने सांगावे असा हा मुलगा होता. पण ब्रिटिश राज्यकारभारावर उघड टीका केल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती गेली. ते इंडिया हाउसच्या मंडळीत आले, पॅरिसला जाऊन बाँब तयार करण्याची विद्या शिकले, आणि १९०८ साली स्वदेशी परतले. अलीपूरच्या खटल्याच्या धामधुमीत त्यांस भूमिगत व्हावे लागले व काही वर्षे ते देशात अज्ञातपणे हिंडत राहिले. संशयितांची पत्रे टपालात उघडली जाण्याचा तो काळ. अशा मुलाचा पत्ता घरी कळणे म्हणजे तो सरकारास कळण्याची वाट मोकळी करणे. आईबापांस पत्र न येणे हेच त्याच्या सुरक्षिततेचे चिन्ह ठरावे, असा विपरीत प्रसंग त्या पिढीतील कित्येक घरांवर आला.

हेच बापट पुढे मुळशीच्या खोऱ्यात उघड्या मैदानात उभे राहिले. नीला-मुळेच्या संगमाजवळ टाटा कंपनी वीजनिर्मितीसाठी धरण बांधू लागली. त्याखाली जाणारी गावे वाचविण्यासाठी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुट्यांसारख्या कार्यकर्त्यांबरोबर बापट त्यात उतरले, वारंवार तुरुंगात गेले, आणि ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी त्यांस दिली ती ह्याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झाले, गावे गेली. पण ज्याचा ठावठिकाणा वर्षानुवर्षे कोणास कळला नव्हता, त्याने आता आपले ठिकाण स्वतः होऊन जगास सांगितले होते.

ह्यानंतर अंतर झपाट्याने आटत गेले, आणि त्यात पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. १९२७ साली विलायतेशी बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली, तिची केंद्रे खडकी व दौंड येथे होती. १९३२ साली टाटांच्या विमानाने कराचीचे विलायती टपाल मुंबईस आणले. १९३३ साली लंडनशी बिनतारी दूरध्वनी जोडला गेला, आणि १९७१ साली जुन्नर तालुक्यात आर्वी येथे उपग्रहाचे भूकेंद्र उभे राहिले. आजचा मोबाइल आकाशातील निदान चार उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा काढतो, ती एखाद्या कंपनीच्या यंत्रास कळवितो, आणि तेथून ती आईच्या पडद्यावर उमटते. म्हणजे आई जे पाहते ते आधी त्या कंपनीने पाहिलेले असते. क्रॉमवेल रोडचे घर बंद पडले, तरी पालक व मूल ह्यांच्यामध्ये तिसरा कोणी बसलेलाच आहे.

शिवाय, जागा कळली म्हणजे मूल सुरक्षित झाले असे नव्हे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर युद्ध कोसळले, तेव्हा तेथे वैद्यक शिकणाऱ्या मुलांचे तळघर कोणते, हे महाराष्ट्रातील त्यांच्या आईबापांस क्षणोक्षणी ठाऊक होते. परंतु ते जाणून त्यांस काहीच करता येत नव्हते. सुमी शहरात अडकलेले सुमारे ७०० हिंदी विद्यार्थी ८ मार्च रोजी बाहेर पडू शकले, ते तात्पुरता युद्धविराम, वाहने आणि त्यांस नेणारी माणसे मिळाली म्हणून. ‘ऑपरेशन गंगा’ ह्या मोहिमेतून सुमारे २२,५०० भारतीय परत आले. ठिकाण ठाऊक असणे हा तेथे आरंभ होता. तारले ते जवळ पोचलेल्या मदतीने.

रोझेलच्या मावशीजवळ नकाशा नव्हता, पण आनंदीबाईंचा विश्वास होता. क्रॉमवेल रोडच्या कचेरीत नावे, पत्ते, हिशेब सारे होते, पण मुलांचा विश्वास नव्हता. नकाशावरचा ठिपका मुलाच्या संमतीने आणि त्याच्याशी मोकळेपणाने बोलून ठेवलेला असेल, तर संकटात त्याचा उपयोग निश्चित होईल. चोरून ठेवलेला ठिपका मूल एक दिवस पुसून टाकील, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी आईबापांकडे यावयास कचरेल. म्हणून मुळशीहून दूरदेशी जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी त्याच्या मोबाइलची तजवीज करावी, पण त्याआधी त्या गावी त्याला हक्काने ज्याचे दार ठोठावता येईल असे एक तरी माणूस शोधून द्यावे. खुबवलीस आपली मुले पाठविणाऱ्या परदेशी आईबापांसही हेच हवे असणार, आणि त्यांच्या बाबतीत ते दार मुळशीचे आहे.