दस्तऐवजांचे नमुने

दस्तऐवजांचे नमुने : खरेदीखत, गहाणखत, कर्जरोखा, भाडेपट्टा, मुखत्यारपत्र इ. दस्त तसेच दिवाणी दाव्यातील वादपत्र, कैफियत, अर्ज वगैरे कागद तयार करण्यासाठी वापरण्यात येणारे ठरावीक मसुदे. अशा मसुद्यात विधिदृष्ट्या आवश्यक मजकूर आधीच मांडलेला असतो. पक्षकारांची नावे, रक्कम, मिळकतीचे वर्णन, मुदत व तारीख एवढा तपशील रिकाम्या जागी भरावयाचा असतो. लेखनाचे श्रम वाचावेत, आवश्यक बाब राहून जाऊ नये व पुढे वाद उद्‌भवल्यास मजकुराचा अर्थ निश्चित असावा, हे नमुन्यांचे मुख्य हेतू होत.

प्राचीन व मध्ययुगीन परंपरा : याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणलेख्य कसे असावे याचे नियम आहेत. त्यात धनकोचे नाव आधी असावे, वर्ष, मास, पक्ष व तिथी तसेच पक्षकारांची नावे, जाती व पित्यांची नावे यावीत, ऋणकोने वरील मजकूर मान्य असल्याचे स्वहस्ते लिहावे, साक्षीदारांनी साक्ष घालावी व शेवटी लेखकाने उभयतांच्या विनंतीवरून आपण हे लिहिल्याचे नमूद करावे, असे सांगितले आहे. ऋणकोने वेळोवेळी केलेली फेड त्याच लेख्याच्या पाठीवर लिहावी व संपूर्ण फेड झाल्यावर लेख्य फाडून टाकावे, हा नियमही त्यात आढळतो. गुजरातमधील लेखपद्धति या संस्कृत संग्रहात विक्री, गहाण, ऋण इत्यादींचे प्रत्यक्ष नमुने दिलेले आहेत. महाराष्ट्रात लेखनाच्या रीती सांगणाऱ्या ‘मेस्तक’ नावाच्या प्रकरणांचे कर्तृत्व परंपरेने यादवांचा करणाधिप हेमाद्री याच्याकडे दिले जाते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात रचलेल्या राज्यव्यवहारकोशात लेखनविषयक शब्दांचा स्वतंत्र वर्ग आहे.

पेशवेकालीन पुणे : पेशवाईत पुणे हे राज्यकारभाराचे केंद्र असल्याने मोडी लिपीतील कागदांची घडण येथील दप्तरात पक्की झाली. आरंभी देवतानाम, नंतर शक, संवत्सर व तिथी, पुढे लिहून घेणार व लिहून देणार यांची नावे, मग ‘लिहून दिले ऐसे जे’ या शब्दांनी सुरू होणारा मूळ मजकूर, जमीन असल्यास तिच्या चतुःसीमा, वंशपरंपरेने उपभोग घेण्याविषयीचे कलम व शेवटी साक्षी असा क्रम खरेदीखतात सामान्यतः दिसतो. निरक्षर शेतकरी सहीऐवजी नांगराची व वाणी तराजूची निशाणी करीत. वादाच्या कागदांचेही प्रकार ठरलेले होते. वादी (अग्रवादी) व प्रतिवादी (पश्चिमवादी) हे पंचांचा निर्णय मान्य करण्याबद्दल राजीनामा व जामीन देत, आपापली तकरीर लिहून देत. हरणाऱ्याकडून यजितपत्र घेतले जाई व जिंकणाऱ्यास निवाडपत्र मिळे. ही ठरावीक घडण आज इतिहाससंशोधकांनाही उपयोगी पडते. तिच्याशी विसंगत मजकूर वा मायना आढळल्यास कागद बनावट असल्याचा संशय घेता येतो.

कर्जरोख्यांचा प्रश्न : ब्रिटिश अंमलात दिवाणी न्यायालयांत लेखी रोख्याला निर्णायक महत्त्व आले. गावच्या पंचांना व्यवहाराची माहिती असे. न्यायालयापुढे मात्र केवळ कागद येई. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. कर्जदाराच्या हितासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागले. रोख्याचा साचा सावकाराचा, लेखक त्याचा व मजकूर वाचता न येणाऱ्या कुणब्याची त्यावर केवळ निशाणी, अशी स्थिती झाली. फेडीची नोंद रोख्यावर होतच असे असे नाही. कर्जदार न्यायालयात हजर न राहिल्याने अनेक हुकूमनामे एकतर्फी होत.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला व त्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या ताब्यातील रोखे व हुकूमनामे मिळवून ते नष्ट करण्यावर होता. ते स्वखुशीने दिले गेले तेथे सहसा मारहाण झाली नाही. सरकारने नेमलेल्या आयोगाच्या चौकशीनंतर दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम (१८७९) संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी असलेल्या या अधिनियमाने न्यायालयास रोख्यापलीकडे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे कर्तव्य सोपविले. शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकाने वा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेला असावा, तसेच कर्जदारास पावती व हिशेब मिळावा, अशा तरतुदीही त्यात होत्या. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या अधिनियमाखालील विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले.

दिवाणी दाव्यांचे विहित नमुने : १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या अनुसूचीला नमुन्यांची परिशिष्टे जोडलेली असून पक्षकथनांचे नमुने परिशिष्ट ‘अ’ मध्ये आहेत. लागू पडतील तेथे हे नमुने व इतरत्र शक्यतो त्यांच्यासारखेच नमुने वापरावेत, असे सहाव्या आदेशाचा तिसरा नियम सांगतो. वादपत्रात न्यायालय व पक्षकार यांची नावे, वादकारण व ते केव्हा घडले, न्यायालयाची अधिकारिता, दाव्याचे मूल्य व मागितलेला अनुतोष या गोष्टी आवश्यक असतात. मात्र पक्षकथनात महत्त्वाची तथ्ये संक्षेपाने मांडावयाची असल्याने ती प्रत्येक दाव्यात वेगळी असतात. कैफियतीत सर्व मजकूर सरसकट नाकारणारे तयार वाक्य घालणे धोक्याचे असते. कारण जे कथन विशेषत्वाने नाकारलेले नाही ते कबूल केले असे न्यायालय समजू शकते.

स्वातंत्र्योत्तर काळ : साचा बलवान पक्षाच्या हाती राहू नये म्हणून काही व्यवहारांत शासनानेच नमुना ठरवून दिला. महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम (१९६३) व त्याखालील नियम यांनी बांधकाम प्रवर्तक आणि सदनिका घेणारा यांच्यातील कराराचा नमुना विहित केला. स्थावर संपदा अधिनियमाखालील महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांतही आदर्श करारनामा जोडलेला आहे. राज्याच्या नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रकांचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे.

पुण्यासारख्या शहरात विद्यार्थी व नोकरदार यांच्या वस्तीमुळे अनुज्ञप्तीच्या (लीव्ह अँड लायसन्स) कराराचा छापील नमुना सर्वाधिक परिचित झाला. त्यातील अकरा महिन्यांच्या मुदतीचे मूळ, एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची करणाऱ्या नोंदणी अधिनियमात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम (१९९९) याच्या कलम ५५ नुसार मात्र मुदत कितीही असली तरी असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. नोंदणी झालेली नसल्यास, विरुद्ध शाबीत होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. जुना नमुना नव्या कायद्याखाली तसाच वापरल्याने काय घडू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मर्यादा : योग्य मुद्रांक नसलेला दस्त, शुल्क व शास्ती भरल्याशिवाय, सामान्यतः पुराव्यात घेता येत नाही, सक्तीची नोंदणी न झालेल्या दस्ताने स्थावर मिळकतीतील हक्क संक्रमित होत नाही. उणीव कोणतीही असो, नमुन्यातील शब्द निर्दोष असल्याने ती भरून निघत नाही. उलट, लेखी अटींना छेद देणारा तोंडी पुरावा कपट, चूक यांसारखे अपवाद सोडल्यास स्वीकारला जात नसल्याने, न वाचता सही केलेले छापील कलमही बंधनकारक ठरू शकते. स्मृतिकारांनी ऋणकोच्या स्वहस्ताक्षरातील मान्यतेचा व १८७९ च्या अधिनियमाने ग्रामनिबंधकाच्या देखरेखीचा आग्रह धरला तो यासाठीच. मजकूर लिहून देणाऱ्यास समजलेला असणे ही दस्ताची खरी बळकटी असून नमुना हे तिचे केवळ साधन आहे.