बालकर्करोगातील ताप आणि श्वेतपेशींची घट : उपचारपद्धतीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

बालकांच्या रक्तकर्करोगावर वैद्यकशास्त्राने मिळविलेल्या यशाचे श्रेय इतिहासलेखनात प्रामुख्याने नव्या औषधांना दिले जाते. १९४८ साली बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन हे औषध दिलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांमध्ये तात्पुरती सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत हे औषध तयार झाले, तेथील संशोधनाची धुरा भीमावरम येथे जन्मलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. या घटनेपासून इतिहासाचा आरंभ मानण्याची प्रथा चुकीची नाही. मात्र ती अपुरी आहे. कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे अस्थिमज्जेतील निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. औषधे जितकी प्रखर, तितकी श्वेतपेशींची घट मोठी. परिणामी अनेक मुले कर्करोग मागे हटत असतानाच जंतुसंसर्गाने दगावत. त्या संसर्गाशी वैद्यकाने दिलेली झुंज मूळ औषधांच्या शोधाइतकीच निर्णायक असूनही तिची नोंद बहुधा तळटीपेपुरतीच होते. प्रस्तुत लेखात त्या दुर्लक्षित बाजूचा मागोवा घेतला आहे.

तापाचे वेगळेपण :

न्यूट्रोफिल या श्वेतपेशी जंतूंना गिळून नष्ट करतात. जखमेत साठणारा पू हा मुख्यतः त्यांचाच अवशेष असतो. या पेशीच उरल्या नाहीत तर पू होत नाही, सूज येत नाही, न्यूमोनिया असूनही क्ष-किरण चित्र प्रारंभी निर्दोष दिसू शकते. शरीरात शत्रू शिरला आहे, हे सांगणारी ताप ही बहुधा एकमेव खूण उरते. स्टेरॉइड चालू असलेल्या मुलामध्ये तीही झाकली जाऊ शकते. एरवी चार दिवस वाट पाहून बऱ्या होणाऱ्या तापाकडे येथे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते, ते यामुळेच.

मृत्यूच्या कारणांची गणना :

अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९५४ ते १९६३ या काळातील तीव्र रक्तकर्करोगाच्या ४१४ रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांचा अभ्यास करण्यात आला व तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग ही दोन कारणे ठळक होती. पैकी रक्तस्रावावर बिंबिकांच्या, म्हणजे प्लेटलेटच्या, संक्रमणाचा उपाय याच संस्थेतील डॉ. एमिल फ्राय व डॉ. एमिल फ्रायराइख यांच्या गटाने पुढे नेला होता. संसर्गाचे स्वरूप मात्र बदलत राहिले. मेथिसिलिनसारखी पेनिसिलिने १९६० च्या सुमारास आल्यावर स्टॅफिलोकोकसचा जोर ओसरला आणि त्याची जागा स्युडोमोनाससारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंनी घेतली.

१९६६ मध्ये डॉ. जेराल्ड बोडी व सहकाऱ्यांनी ५२ रुग्णांच्या नोंदींवरून श्वेतपेशींची संख्या आणि संसर्ग यांचा संबंध आकड्यांत मांडला. पेशी दर घन मिलिमीटर १००० च्या खाली गेल्या की धोका वाढू लागतो, १०० च्या खाली तो सर्वाधिक होतो आणि घट जितके दिवस टिकते तितका तो वाढत जातो. या निबंधाच्या चार लेखकांमध्ये वाय. एस. साठे हे नाव मराठी वाचकाचे लक्ष वेधून घेते. आज जगभर वापरली जाणारी ५०० पेशींची मर्यादा याच विचारसरणीतून आली आहे. ‘रुग्ण अशक्त आहे’ या मोघम विधानाच्या जागी आलेला हा आकडा साधा वाटतो. परंतु कोणत्या मुलाच्या तापाला घाबरायचे, हे त्यानेच ठरवून दिले.

पेशी कमी, तर त्या बाहेरून द्याव्यात, हाही विचार झाला. दीर्घकालीन रक्तकर्करोगात श्वेतपेशी अतोनात वाढलेल्या असतात. अशा रुग्णांच्या पेशी फ्रायराइख यांच्या गटाने पेशी नसलेल्या रुग्णांना दिल्या. एकाच्या रोगाने दुसऱ्याला तारण्याची ही कल्पना विलक्षण होती. परंतु रक्तात गेलेल्या या पेशी काही तासच टिकत असल्याने नित्याचा उपाय म्हणून ती फार पुढे गेली नाही.

पुराव्यापूर्वीचा उपचार :

या इतिहासातील खरे वळण १९७१ चे आहे. तोवरची शिस्तशीर पद्धत अशी की, रक्ताचे कल्चर करावे, जंतू ओळखावा व मग त्यावरील प्रतिजैविक द्यावे. शास्त्रीयदृष्ट्या ती निर्दोषच होती. परंतु स्युडोमोनास रक्तात शिरल्यावर कल्चरचा निकाल हाती येण्यापूर्वीच अनेक रुग्ण दगावत. बाल्टिमोर येथील डॉ. स्टीफन शिम्फ व सहकाऱ्यांनी कार्बेनिसिलिन व जेन्टामायसिन ही जोडी, जंतू सिद्ध होण्याची वाट न पाहता, ताप येताच देण्याचा अनुभव त्या वर्षी प्रसिद्ध केला. निदान आधी व उपचार नंतर, हा वैद्यकातील क्रम येथे जाणीवपूर्वक उलटविला गेला. आज हे स्वाभाविक वाटते. त्या काळी मात्र प्रतिजैविकांच्या अशा ‘अंदाजी’ वापरास बेशिस्त मानणारा मोठा वर्ग होता आणि त्याचा आक्षेप निराधार नव्हता, हे पुढील काळाने दाखविले.

सुरू केलेले औषध कधी थांबवावे, हा पुढचा प्रश्न त्याहून अवघड ठरला. राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. फिलिप पिझो यांनी १९७९ मध्ये ३३ मुले व तरुण रुग्णांचा अभ्यास मांडला. सात दिवसांच्या उपचाराने ताप गेला होता, पेशी मात्र वाढल्या नव्हत्या. औषध थांबविलेल्या १७ जणांपैकी ७ जणांना पुन्हा संसर्ग झाला व दोघे दगावले. औषध चालू ठेवलेल्या १६ जणांपैकी एकालाही तसे झाले नाही. एवढ्या लहान संख्येने पुढील कित्येक वर्षांची रीत ठरविली. ताप प्रतिजैविकांनंतरही टिकला तर बुरशीविरोधी ॲम्फोटेरिसिन देण्याची पद्धत १९८२ च्या त्यांच्याच निबंधाने रूढ केली. १९८६ मध्ये ५५० तापप्रसंगांच्या अभ्यासातून तीन औषधांऐवजी एकटे सेफ्टाझिडाइम पुरेसे ठरू शकते, हेही दिसले.

दरम्यान मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. वॉल्टर ह्यूजेस यांनी १९७७ मध्ये एक स्वस्त औषध उपयोगात आणले. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया हा या मुलांचा आणखी एक काळ होता. को-ट्रायमोक्साझोल घेणाऱ्या ८० मुलांपैकी एकालाही तो झाला नाही. न घेणाऱ्या ८० पैकी १७ जणांना झाला. १९९१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या फिल्ग्रास्टिमची प्रसिद्धी मोठी झाली. तथापि मोजक्या पैशांत जीव वाचविण्याच्या दृष्टीने को-ट्रायमोक्साझोलची गोळीच अधिक मोलाची म्हणावी लागेल.

२०१२ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. २०१७ व २०२३ मध्ये ती सुधारण्यात आली. कमी धोक्याच्या, प्रकृती बरी असलेल्या व ताप उतरलेल्या मुलांमध्ये पेशी वाढण्याची वाट न पाहता ७२ तासांनी औषध थांबविण्याचा विचार करावा, असे २०१२ च्या मार्गदर्शिकेत म्हटले होते. पिझो यांचा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. सर्व मुलांचा धोका सारखा नसतो, एवढे मात्र मान्य झाले.

भारतीय संदर्भ :

१९८० च्या दशकात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व चेन्नईची कर्करोग संस्था यांनी बेथेस्डा येथील डॉ. इयान मॅग्रथ यांच्या सहकार्याने एमसीपी-८४१ ही समान उपचारपद्धती स्वीकारली. औषधांचे वेळापत्रक परदेशातून आणता येते. ताप आलेले मूल ज्या परिस्थितीत राहते, ती आणता येत नाही. टाटा रुग्णालयाच्या परिसरात, परळच्या पदपथावर मुक्काम करणारी कुटुंबे मुंबईकरांना अपरिचित नाहीत. श्वेतपेशी संपलेल्या मुलासाठी हा मुक्काम जिवावर बेतू शकतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करुग्णांना दिलेला आसरा आणि २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया ही निवासव्यवस्था यांची गणना म्हणूनच केवळ दानधर्मात करणे योग्य नव्हे. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या संताच्या नावाची वास्तू या इतिहासात यावी, यात औचित्य आहे.

प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू ही दुसरी अडचण. कार्बापेनेम औषधांना निकामी करणाऱ्या एनडीएम-१ या विकराचे वर्णन २००९ मध्ये, नवी दिल्लीत उपचार घेतलेल्या रुग्णाच्या नमुन्यावरून झाले. पुराव्यापूर्वी औषध द्यायचे, तर ते लागू पडेल असा अंदाज तरी हवा. १९७१ चा निर्णय याच अंदाजावर उभा होता. त्यामुळे प्रत्येक रुग्णालयाला स्वतःकडील जंतूंची नोंद ठेवून पहिले औषध निवडावे लागते. पुस्तकातील यादी तेथे पुरत नाही.

ताप दिसताच पहिला डोस शक्यतो तासाभरात द्यावा, असा आग्रह आज सर्वत्र धरला जातो. हा तास मूल रुग्णालयाच्या दारात आल्यापासून मोजतात. गडचिरोलीच्या एखाद्या पाड्यावर ताप भरलेल्या मुलाचे घड्याळ त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते आणि तो पहिला डोस तालुक्याच्या ठिकाणी मिळतो की मोठ्या शहरात पोहोचल्यावर, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते.